वेरूळच्या गिलाव्यात चक्क भांग

वेरूळला आपण सगळे गेलेलो असतो, शाळेच्या सहलीत तरी नक्कीच, पण कैलास लेणं बघून मान दुखायला लागलेली असताना भिंतीवरच्या मातीच्या गिलाव्याकडे कोण बघतंय? २०१६ मध्ये पुरातत्त्व खात्याचे माजी केमिस्ट राजदेव सिंग आणि औरंगाबादच्या विद्यापीठातले बॉटनीवाले मिलिंद सरदेसाई यांनी त्याच गिलाव्याचे नमुने मायक्रोस्कोपखाली घातले, तर माती आणि चुन्यात कालवलेली निघाली भांग! म्हणजे थंडाईत पडते तेच झाड. त्याच्या धाग्याने गिलावा धरून राहतो, ओल शोषतो आणि परत सोडतो, शिवाय किडे फिरकत नाहीत असं त्यांचं म्हणणं. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथे किड्यांनी चित्रांची पार वाट लावलीये.

इथे एक घोळ होतो, कारण इंग्रजीत दोन्हींना हेम्प म्हणतात. आपल्याकडे हिरवळीच्या खतासाठी शेतात गाडतात तो ताग, म्हणजे बोरू, तो वेगळा. तो शेंगवर्गातला, भांगेशी त्याचं काही नातं नाही.

भांगेचं मूळ गाव पूर्व आशिया. २०२१ मध्ये ११० नमुन्यांचे जीनोम तपासले, त्यावरून साधारण १२,००० वर्षांपूर्वी तिकडे माणसाने हे झाड हाताशी धरलं असं दिसतं. चीनमध्ये दोर, कापड, खायला बी, आणि इ.स. १०५ मध्ये त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्याने ज्या कागदाची रीत दरबारात सांगितली त्यातही साल, चिंध्या, जुनी जाळी यांच्या जोडीला भांगेचा धागा होताच.

आणि धूर? प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलंय की सिथियन म्हणजे गवताळ प्रदेशातले भटके घोडेस्वार लोक तंबूत शिरून तापलेल्या दगडांवर भांगेचं बी टाकायचे आणि वाफेत खुशीने ओरडायचे. थापा वाटायच्या, पण पामीरच्या डोंगरात, सुमारे २,५०० वर्षांपूर्वीच्या कबरींत लाकडी धुपाटणी सापडली, आत जळके दगड. २०१९ मध्ये तपासलेल्या १० पैकी ९ मध्ये भांगेचे अंश मिळाले, तेही रानटी झाडापेक्षा जास्त नशेचे.

मला मात्र वायव्य चीनमधल्या तुर्फानची कबर सगळ्यात भारी वाटते. पस्तिशीचा एक माणूस, अंगावर शालीसारखी पसरलेली भांगेची १३ अख्खी झाडं, मुळं कमरेखाली आणि शेंडे हनुवटीपर्यंत. फुलोरा बहुतेक आधीच खुडलेला, थोडाच राहिलेला आणि तो पिकत आलेला, त्यावरून कळलं की त्याला उन्हाळा सरता सरता पुरलं होतं.