फंड आणि पेन्शन : एका पासबुकातले दोन वेगळे हिशेब

लालबाग-परळ भागात ‘फंड’ हा शब्द गिरण्यांच्या काळापासून घरोघरी रुळलेला आहे आणि नोकरी संपल्यावर जे काही हाती पडते त्या सगळ्यालाच सरसकट फंड म्हणण्याची सवय अजून गेलेली नाही. त्यामुळे भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, आणि 1995 ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, म्हणजे ईपीएस, या दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. तशी ती होण्याला कारणही आहे, कारण दोन्हींचा कारभार एकाच संस्थेकडे आहे, यूएएन (सभासदाचा कायमचा खाते क्रमांक) एकच आहे आणि पासबुकातले रकानेही शेजारशेजारी आहेत. पगारपत्रके तयार करणे हे माझे रोजचे काम असल्याने या गल्लतीची किंमत मोजलेली माणसे मी जवळून पाहिली आहेत.

मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000 रुपये असलेल्या कामगाराचे उदाहरण घेऊ. त्याच्या पगारातून 12 टक्के, म्हणजे 1,800 रुपये कापले जातात आणि ते सगळे पीएफमध्ये जातात. मालकही 1,800 रुपये भरतो. पण त्यातले 8.33 टक्क्यांचे 1,250 रुपये पेन्शन योजनेकडे वळतात आणि पीएफला उरतात फक्त 550. ‘कंपनी तेवढेच भरते, म्हणजे खात्यात दुप्पट साठते’ हा समज इथेच चुकतो. पगार 15,000 च्या वर गेला तरी पेन्शनकडे जाणारी रक्कम साधारणपणे 1,250 वरच थांबते, कारण 1 सप्टेंबर 2014 पासून या योजनेसाठी पगाराची कमाल मर्यादा 15,000 धरली जाते. त्या तारखेनंतर पहिल्यांदाच नोकरीला लागलेला आणि सुरुवातीपासून या मर्यादेच्या वर पगार असलेला कर्मचारी तर पेन्शन योजनेचा सभासदच होत नाही. त्याच्या मालकाचा सगळा वाटा पीएफमध्ये जातो. तेव्हा पेन्शनचा रकाना कोरा दिसला म्हणून अशा तरुणांनी आस्थापना विभागाशी भांडायला जाऊ नये.

पीएफ समजायला सोपा आहे. तुमच्या नावावर रक्कम साठते, तिच्यावर दरवर्षी जाहीर होणाऱ्या दराने व्याज चढते (2023-24 आणि 2024-25 या दोन्ही वर्षांसाठी तो 8.25 टक्के होता) आणि निवृत्तीच्या वेळी मुद्दल आणि व्याज एकरकमी मिळते. किती मिळेल, हे पासबुकातली शिल्लक पाहून कळते.

पेन्शनच्या रकान्यातही रुपयेच छापलेले असतात, पण त्यांना शिल्लक समजून चालत नाही. त्या रकमेवर तुमच्या नावाने व्याज चढत नाही. सगळ्यांचे पैसे एका सामाईक निधीत जातात आणि तुमचे मासिक पेन्शन एका सूत्राने ठरते. शेवटच्या 60 महिन्यांच्या पगाराची सरासरी (अर्थात वरच्या मर्यादेतच) घ्यायची, तिला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि 70 ने भागायचे. सगळी सेवा 15,000 च्या मर्यादेने मोजली असे गृहीत धरले, तरी 35 वर्षांचे पेन्शन महिना 7,500 रुपये होते. वीस वर्षे पूर्ण केलेल्यांना मिळणारी दोन वर्षांची भर मिळवली, तर साधारण 7,928. आज निवृत्त होणाऱ्यांच्या हाती याहून कमीच पडते, कारण 2014 च्या आधीची सेवा तेव्हाच्या 6,500 च्या मर्यादेने मोजली जाते. या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला नाही, त्यामुळे 58 व्या वर्षी ठरलेला आकडा 75 व्या वर्षीही तोच राहतो. पूर्ण पगारावर वाढीव पेन्शन घेण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा 4 नोव्हेंबर 2022 चा निकाल आहे, पण तो ज्यांना लागू होतो त्यांचा हिशेब निराळा. बाकीच्यांनी मुंबईतला घरखर्च या पेन्शनवर भागेल असे धरून चालणे मला धोक्याचे वाटते. पुनर्विकास झालेल्या इमारतीत सोसायटीचा देखभाल खर्च दिल्यावर यातले फारसे काही उरत नाही.

तरीही हे पेन्शन मोडू नये, असे मी आग्रहाने सांगतो. आमच्याच मजल्यावर राहणारे एक गृहस्थ छापखान्यात होते. सात वर्षांनी नोकरी सुटल्यावर त्यांनी पीएफ काढला आणि त्याच दिवशी फॉर्म 10सी भरून पेन्शनचेही पैसे घेतले. ‘आपलेच पैसे, कशाला तिथे ठेवायचे?’ हे त्यांचे म्हणणे. सात वर्षांना ठरावीक कोष्टकाप्रमाणे पगाराच्या 7.54 पट मिळतात, म्हणजे 15,000 वर 1,13,100 रुपये. पुढे दुसऱ्या ठिकाणी त्यांची सहा वर्षे भरली आणि त्यांनी अठ्ठावन्नाव्या वर्षी माझ्यापुढे पासबुक ठेवले. पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. सात आणि सहा मिळून तेरा झाली असती, पण पहिली सात त्यांनी विकून टाकली होती. उरलेल्या सहांवर पेन्शन बसत नाही. त्या वेळी पैसे न काढता नुसते स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला, घेतले असते किंवा नव्या नोकरीत खाते ट्रान्सफर केले असते, तर ती वर्षे जमेला धरली गेली असती.

ट्रान्सफर करणाऱ्यांना आणखी एक धक्का बसतो. जुन्या खात्यातला पीएफ नव्या खात्यात येतो, पण पेन्शनच्या रकान्यात मात्र शून्य दिसते. पैसे बुडाले अशा समजुतीने लोक तक्रार नोंदवतात, वांद्र्याच्या भविष्य निधी भवनाकडे धाव घेतात. ते शून्य बरोबर असते. पेन्शनमध्ये पुढे न्यायची असते ती सेवेची नोंद. त्यामुळे आधीच्या नोकरीची रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख सेवा-तपशिलात नीट चढली आहे की नाही, एवढे पाहावे.

सभासद गेल्यावरही दोन्हींच्या वाटा वेगळ्या होतात. पीएफची शिल्लक वारसाला एकदाच मिळते. पेन्शन घेणाऱ्याचा मृत्यू झाला, तर पत्नीला किंवा पतीला निम्मे पेन्शन दरमहा चालू राहते, शिवाय दोन मुलांपर्यंत 25 वर्षे वयाची होईस्तोवर वेगळी रक्कम मिळते.

निवृत्तीनंतर कोकणात गावी जाऊन राहणाऱ्यांची एक अडचण मात्र सुटली आहे. पूर्वी पेन्शन गावाकडच्या बँकेत घ्यायचे, तर एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात कागद हलवावे लागत. जानेवारी 2025 पासून ते देशातल्या कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत जमा होऊ शकते. पीएफची रक्कम खात्यात आली की त्या कार्यालयाशी तुमचा संबंध संपतो. पेन्शनचा संबंध टिकवण्यासाठी हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो आणि दिलेल्या तारखेपासून बारा महिने चालतो.