सायकलवरचा तंबू आणि रात्रीचं आकाश

‘पाऊस नव्हता, तरी तंबू गळला.’ सायकलवरून लांबचा प्रवास करणाऱ्यांकडून ही तक्रार हमखास ऐकू येते. मग पुढच्या वेळी जास्त जलरोधक कापडाचा, महागडा तंबू घेतला जातो आणि सकाळी तोही आतून ओला निघतो. तंबूच्या कापडावर १५०० मिमी, ३००० मिमी असे आकडे छापलेले असतात. कापड किती उंचीचा पाण्याचा स्तंभ गळू न देता पेलतं, ते हे आकडे सांगतात. ताणून बांधलेल्या उतरत्या छताला १५०० मिमी बहुतेक पावसात पुरतात. गुडघ्याचा भार सोसणाऱ्या तळाला मात्र जास्त हवेत. पण ज्या पाण्याची तक्रार आहे ते मुळात बाहेरून आलेलंच नसतं.

झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला ढोबळमानाने ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात सोडतो. १० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ९.४ ग्रॅम वाफ मावते. बाहेरच्या हवेची आर्द्रता ८० टक्के असेल, तर त्यातली साडेसात ग्रॅमची जागा आधीच भरलेली असते. उरली जेमतेम दोन ग्रॅमची. म्हणजे ३० ग्रॅम वाहून न्यायला तासाला सुमारे १६ घनमीटर ताजी हवा आत यायला हवी. लहान तंबूत दोनेक घनमीटर हवा असते, तेव्हा ती तासाला आठ वेळा बदलली पाहिजे. म्हणून वर-खाली समोरासमोर झरोके असलेला तंबू घ्यावा, आणि थंडी वाजते म्हणून ते बंद करू नयेत.

आता खरी गंमत. झरोके सताड उघडे असले, आत कुणी झोपलेलंही नसलं, तरी तंबू ओला होऊ शकतो. प्रत्येक वस्तू डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात उष्णता बाहेर टाकत असते, आणि आजूबाजूच्या वस्तूंकडून तशीच उष्णता तिला परत मिळत असते. निरभ्र, कोरड्या रात्री मात्र वर जाते त्यापेक्षा बरीच कमी उष्णता परत येते. ८ ते १३ मायक्रॉन लांबीच्या लहरींना कोरडी हवा जवळजवळ अडवत नाही, त्या थेट अवकाशात निघून जातात. जमिनीजवळच्या हवेपेक्षा वीसेक अंशांनी थंड असं छप्पर डोक्यावर असावं, तसा हा प्रकार असतो. तंबूच्या कापडाचं वजन चौरस मीटरला ५० ग्रॅमच्या आसपास, ते एक अंशाने थंड व्हायला ७५ ज्यूल गेले की झालं. अशा रात्री साधारण तेवढीच ऊर्जा दर सेकंदाला आकाशाकडे जाते. सभोवतालची हवा कापडाला सतत ऊब देत राहते म्हणून घसरण तीन-चार अंशांवर थांबते. पण तेवढी पुरे असते. १० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, ६.७ अंश आहे. कापड ६ अंशांवर उतरलं की दोन्ही बाजूंनी दव धरतं. वाऱ्याच्या रात्री हवा कापडाला जास्त ऊब देते, म्हणून तंबू कोरडा राहतो.

विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनमधल्या डॉक्टरांनी १८१४ साली दवाचं हे कोडं उलगडलं. गवतावर चार काटक्या रोवून त्यांवर त्यांनी एक अगदी तलम रुमाल ताणून बसवला. रुमालाखालचं गवत उघड्यावरच्या गवतापेक्षा उबदार राहिलं, कारण त्याच्यासमोर आकाशाऐवजी रुमाल होता. दुहेरी तंबू म्हणजे नेमका हाच प्रयोग आहे! बाहेरचं आवरण आकाशाला तोंड देऊन थंड आणि ओलं होतं, आतला कप्पा त्याच्या आडोशाला कोरडा राहतो. दोन्हींमध्ये तळहाताएवढं तरी अंतर असलेला तंबू निवडावा. ‘श्वास घेणाऱ्या’ एकेरी कापडाच्या जाहिरातींना भुलू नये. कापडच दवबिंदूखाली गेलं, तर वाफ आरपार जाण्याआधी आतल्या बाजूलाच पाणी होते.

चांदणं अंगाला बाधतं, चंद्रप्रकाशात वस्तू थंड पडतात, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. ‘पुरावा’ म्हणून सावलीतला आणि चांदण्यातला तापमापक दाखवतात. चांदण्यातला खाली उतरतो हे खरं, पण निरभ्र अमावस्येलाही तो तसाच उतरेल. उष्णता जाते ती उघड्या आकाशाकडे, चंद्राचा त्यात काही हात नाही.

रात्रीचा मुक्काम कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून लपून राहू पाहणाऱ्या प्रवाशाच्या हे पथ्यावरच पडतं. झाडाची पानं जवळपास हवेच्याच तापमानाला असतात आणि आकाश झाकतात. तेव्हा झाडाखाली तंबू दिसतही नाही आणि कमी भिजतो. वर वाळकी फांदी नाही ना, एवढं बघून घ्यावं. खोलगट जागा किंवा नदीकाठ लपायला चांगला वाटतो, पण थंड, जड हवा तिथेच साचते. रंगाचीही चिंता नको. अवरक्त किरणांच्या बाबतीत गडद हिरवं आणि पांढरं कापड जवळजवळ सारखंच वागतं, म्हणून खुशाल मळकट हिरवा किंवा तपकिरी घ्या. चमकणाऱ्या दोऱ्या मात्र काढून साध्या बांधा, कारण त्या दिव्याचा प्रकाश थेट गाडीवाल्याच्या डोळ्यांकडे परतवतात. सायकलचे रिफ्लेक्टरही झाकायला विसरू नका.

मजबुतीचं गणित सोपं आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानुसार वाढतो. ताशी ३६ किमीला चौरस मीटरवर सुमारे सहा किलोचा भार येतो, ७२ किमीला पंचवीस किलोचा. म्हणून मीटरभर उंचीचा बुटका तंबू बरा, त्याला दांड्या चांगल्या ॲल्युमिनियमच्या हव्यात आणि दोऱ्या बांधायला जागा भरपूर हव्यात. जमीन कठीण असेल तिथे खुंट्या शिरत नाहीत, म्हणून दांड्यांवर आपला आपण उभा राहणारा तंबू सोयीचा. दांड्यांचे घडी केलेले तुकडे सायकलच्या पिशवीत मावतात का, हे विकत घेण्याआधीच मोजा. नायलॉन ओलं झालं की सैलावतं, पॉलिएस्टर फारसं नाही. सकाळी ओलं आवरण आतल्या कप्प्याबरोबर गुंडाळू नका. ते वेगळ्या पिशवीत कॅरिअरवर बांधा आणि दुपारच्या थांब्यावर पसरून वाळवा. कापड जलरोधक करणारा पॉलियुरेथेनचा लेप वरचेवर ओला राहिला की चिकट होऊन सुटायला लागतो, आणि मग तंबू खरोखरच गळतो.