सॅफ्रन वॉल्डन : एका गावाची तीन नावं

लंडनहून केंब्रिजला जाणाऱ्या रेल्वेवर ऑडली एंड नावाचं स्टेशन लागतं. तिथे उतरून दोनेक मैल गेलं की सॅफ्रन वॉल्डन येतं. एसेक्स काउंटीच्या वायव्य कोपऱ्यातलं, सोळाएक हजार वस्तीचं बाजाराचं गाव. सॅफ्रन म्हणजे केशर. काश्मीरच्या पांपोरला किंवा इराणला असं नाव मिळालं असतं तर नवल नव्हतं, पण पावसाळी, ढगाळ इंग्लंडमधल्या गावाला केशराचं नाव कसं पडलं, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

आधी 'वॉल्डन' पाहू, कारण ते सर्वांत जुनं. जुन्या इंग्रजीत 'वेआल्ह' म्हणजे परका आणि 'डेनू' म्हणजे दरी. पाचव्या शतकापासून समुद्रापलीकडून येऊन इथे वसलेले अँग्लो-सॅक्सन लोक मूळच्या ब्रिटन लोकांना 'परके' म्हणत. त्यांची वस्ती असलेली दरी ती वॉल्डन. वेल्स या देशाचं नाव याच शब्दातून आलं आणि अक्रोडाला इंग्रजीत वॉलनट म्हणतात तेही त्यातूनच, 'परमुलखातलं कवचीचं फळ' या अर्थाने. या शब्दापाशी मी दर वेळी थबकतो. जे पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहत होते, त्यांनाच नव्याने आलेल्यांनी परकं ठरवलं. त्या लोकांनी स्वतः या दरीला काय नाव दिलं होतं, ते उरलं नाही. शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाव तेवढं उरलं आणि १०८६ च्या 'डूम्सडे' या जमीनजुमल्याच्या सरकारी नोंदवहीत ते 'वालेदाना' असं लिहिलं गेलं.

दुसरं नाव बाजाराचं. बाराव्या शतकात राजा स्टीफन आणि सम्राज्ञी मटिल्डा यांच्यात गादीसाठी यादवी पेटली होती. जेफ्री द मँडव्हिल हा इथला बडा सरदार. कधी या बाजूला, कधी त्या बाजूला जाऊन तो दोघांकडून सनदा पदरात पाडून घेत होता. वॉल्डनला त्याचा किल्ला होता, पण बाजार मात्र जवळच्या न्यूपोर्टला भरे. ११४१ मध्ये मटिल्डाने त्याला तो बाजार वॉल्डनला हलवायची परवानगी दिली. बाजार हलवणं म्हणजे नुसत्या गाड्या आणि पाट्या हलवणं नव्हे. बाजारावरचा कर, येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ, रस्त्यांचा रोख, सगळंच त्याच्यामागोमाग जातं. न्यूपोर्ट आज खेडं आहे. जेफ्रीला पुढे अटक झाली, किल्ला हातचा गेला आणि ११४४ मध्ये तो मेला. दुसऱ्या हेन्रीच्या काळात किल्लाही पाडण्यात आला. गारगोटीच्या दगडांच्या त्याच्या भिंती संग्रहालयाच्या आवारात अजून उभ्या आहेत.

बाजार मात्र रुजला आणि गावाला 'चिपिंग वॉल्डन' म्हणू लागले. जुन्या इंग्रजीतल्या 'चेपिंग' शब्दाचा अर्थ बाजार. चिपिंग नॉर्टन, चिपिंग कॅम्डेन या गावांच्या नावांत तोच शब्द आहे, लंडनच्या चीपसाइडमध्येही तोच. आपल्या भाषेत सांगायचं तर 'वॉल्डन पेठ'. सुरुवातीला रविवारी भरणारा बाजार १२९५ मध्ये मंगळवारवर आला. आज तो मंगळवारी आणि शनिवारी भरतो. चौकाच्या बाजूला अरुंद बोळांची एक गुंतागुंत आहे. त्यांची नावं बुचर रो, म्हणजे खाटिकांची ओळ, आणि मर्सर्स रो, म्हणजे कापडवाल्यांची ओळ. पूर्वी बाजाराच्या दिवशी मांडली जाणारी दुकानं हळूहळू तिथेच पक्की झाली आणि मोकळी जागा बोळांमध्ये वाटली गेली. पेठ कशी घडते हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना ते बोळ लगेच ओळखू येतील.

आता केशर. मध्ययुगाच्या अखेरीस हे पीक या भागात आलं आणि सोळाव्या शतकात गाव त्याच्या नावानेच ओळखलं जाऊ लागलं. ते कसं आलं याची एक दंतकथा रिचर्ड हक्लूट या सोळाव्या शतकातल्या लेखकाने नोंदवून ठेवली आहे. पूर्वेकडे गेलेल्या एका यात्रेकरूने आपल्या देशाचं भलं व्हावं म्हणून केशराचा एक कंद चोरला आणि मुद्दाम पोकळ केलेल्या काठीत लपवून तो घरी आणला. पकडला गेला असता तर जिवानिशी गेला असता. कथा खरी असो वा नसो, ज्या मालावर एवढं प्रेम आणि एवढा पैसा असतो, त्याच्याभोवतीच अशा कथा जन्मतात. सॅफ्रन हा शब्दही दूरून आलेला, अरबी 'जाफरान'वरून. आपल्याकडचं 'जाफरानी' त्याचंच भावंड.

कथेत काठीतून आला तो कंद, आणि ते अचूक आहे. केशराला बी धरत नाही. कंदाला फुटलेली पिल्लं काढून लावावी लागतात. या भागातली चुनखडीवरची, पाणी धरून न ठेवणारी जमीन त्याला मानवली. उन्हाळ्यात कंद उकरायचे, निवडायचे, पुन्हा लावायचे. शरदात जांभळी फुलं जमिनीलगत उमलतात, आणि प्रत्येक फुलात कामाचे असतात ते फक्त तीन लाल तंतू. एक किलो सुक्या केशराला साधारण दीड लाख फुलं लागतात.

हे काम कसं चाले, ते विल्यम हॅरिसन या धर्मोपदेशकाने लिहून ठेवलं आहे. वॉल्डनपासून काही मैलांवर असलेल्या रॅडविंटरच्या चर्चचा तो प्रमुख होता. सूर्य उगवायच्या आत फुलं खुडायची, तंतू काढून घ्यायचे आणि बाकीचं फूल उकिरड्यावर टाकायचं. मग लहानशा भट्टीवर ताणलेल्या कापडावर, मंद आचेवर, वर वजन ठेवून ते तंतू सुकवायचे, की त्यांची वडी तयार होई. जांभळ्या पाकळ्यांनी भरलेला तो उकिरडा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आपण ज्याला फूल म्हणू, ते सगळं तिथे कचऱ्यात जात होतं.

केशर पिकवणाऱ्यांना 'क्रोकर' म्हणत. एका वर्षी अमाप पीक आलं, तेव्हा भाव पडेल म्हणून ते कुरकुरले आणि नंतर पीक बुडालं ती देवाने घडवलेली अद्दल होती, असं हॅरिसन रागाने लिहितो. मला त्याचा राग अन्यायाचा वाटतो. भरघोस पिकाने शेतकरी कसा बुडतो, हे ज्याचं पोट बाजारभावावर असतं त्यालाच कळतं.

हे केशर कापड रंगवायला जाई, स्वयंपाकात जाई आणि औषधातही. त्या पैशाची खूण गावात दिसते. सेंट मेरी चर्च पंधराव्या-सोळाव्या शतकांत जवळजवळ नव्याने बांधलं गेलं. एसेक्समधलं हे सर्वांत मोठं पॅरिश चर्च, म्हणजे स्थानिक वस्तीचं चर्च. (आजचा उंच निमुळता मनोरा मात्र १८३२ चा.) आतल्या कमानीच्या कोपऱ्यात दगडात कोरलेली केशराची फुलं आहेत. गावाच्या मुद्रेवर तटबंदीच्या आत तीन केशराची फुलं आहेत, आणि त्यात शब्दांचा खेळ आहे. भिंतीने वेढलेलं, म्हणजे 'वॉल्ड इन'. ते झालं सॅफ्रन वॉल्ड-इन.

अठराव्या शतकात हे पीक मागे पडलं. परदेशी केशर स्वस्तात येऊ लागलं, औषध आणि रंग म्हणूनची मागणी आटली आणि एवढी मजुरी परवडेना. त्याच शेतांत बार्ली आली. बार्लीचं माल्ट करून, म्हणजे तिला मोड आणून वाळवून, ते लंडनच्या दारूभट्ट्यांना पाठवण्यावर गाव सावरलं. त्या धंद्यातून क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं गिब्सन घराणं मोठं झालं. त्यांची बँक १८९६ मध्ये बार्कलेजमध्ये विलीन झाली. १८४० च्या दशकात चौकात धान्याच्या सौद्यांसाठी कॉर्न एक्स्चेंजची इमारत उभी राहिली. आज तिथे वाचनालय आहे.

म्हणजे जो बाजार जवळजवळ नऊशे वर्षं अखंड भरतो आहे, त्याचा 'चिपिंग' हा शब्द नावातून गळला. जे केशर तीनेकशे वर्षांत संपलं, ते नावात टिकलं. 'मार्केट' हा नवा शब्द रूढ झाल्यावर 'चिपिंग'चा अर्थच लोकांना कळेनासा झाला. शिवाय चिपिंग नावाची गावं कितीतरी होती. केशर एवढ्या प्रमाणावर पिकवणारं हे एकच, म्हणून ओळख पटवायला तेच नाव कामी आलं असावं.

मराठी वाचकाला जवळचा एक धागा इथे आहे. १९२९ ते १९६५ अशी छत्तीस वर्षं सॅफ्रन वॉल्डनचे खासदार होते रॅब बटलर. इंग्लंडमध्ये त्यांचं नाव निघतं ते १९४४ च्या शिक्षण कायद्यामुळे. पण त्यांचा जन्म १९०२ मध्ये पंजाबातल्या अटकचा, आणि १९३५ चा भारत सरकार कायदा संसदेत पुढे नेताना ते भारतखात्याचे उपमंत्री होते. त्यांचे वडील सर माँटेग्यू बटलर १९२५ ते १९३३ या काळात मध्य प्रांताचे गव्हर्नर होते, म्हणजे त्यांचा कारभार नागपूरहून चाले. विदर्भाचा कारभार पाहणाऱ्या घरातला मुलगा इकडे केशराच्या गावातून निवडून जात होता.

निवृत्तीनंतर मिळालेल्या उमरावकीसाठी रॅब बटलरांनी गावाचं नाव घेतलं : बॅरन बटलर ऑफ सॅफ्रन वॉल्डन. १९८२ मध्ये ते वारले, आणि ज्या चर्चच्या कमानीत केशराची फुलं कोरली आहेत, त्याच सेंट मेरीच्या आवारात त्यांना पुरलं आहे.