लांडग्यांच्या रांगेचा तो फोटो

तो बर्फातून एका रांगेत चाललेल्या लांडग्यांचा फोटो परत फिरतोय, खाली लिहिलेलं असतं की पुढचे 3 म्हातारे-आजारी, सगळ्यात मागे सगळ्यांना सांभाळणारा लीडर, बघा खरी सेवा वगैरे. सॉरी पण असं काही नाहीये. फोटो कॅनडातल्या वुड बफेलो नॅशनल पार्कचा, बीबीसीच्या 2011 च्या सिरीजच्या वेळचा, 25 लांडगे बायसनच्या (गव्यासारखा मोठा रानटी प्राणी) शिकारीला निघालेत. पुढचा तगडा असतो, तो बर्फ तुडवत वाट पाडतो आणि बाकीचे त्याच्याच पावलात पाऊल टाकत जातात म्हणजे दम वाचतो, आजारी पुढे घातला तर सगळेच अडकतील ना! माया बघायचीच तर गुहेपाशी बघा, कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप नि त्यांची पोरं, शिकारीवरून आले की पिल्लं तोंड चाटतात आणि मोठी भावंडंसुद्धा पोटातलं मांस ओकून त्यांना भरवतात.