ग्लासगोची फुटबॉल-दुश्मनी आणि कॅथलिक शाळा

फुटबॉलप्रेमींच्या गटांत वर्षानुवर्षे फिरणारा एक दावा: ‘स्कॉटलंडमधल्या कॅथलिक शाळांमुळेच ग्लासगोच्या दोन क्लबांत धर्माचं वैर आलं, शाळा बंद करा, वैर संपेल.’ हे दोन क्लब म्हणजे रेंजर्स, ज्याचे चाहते परंपरेने प्रोटेस्टंट, आणि सेल्टिक, ज्याचे चाहते परंपरेने कॅथलिक.

वेगळ्या शाळांत वाढलेली मुलं दुरावतात, हे सहज पटतं. पण आधी तारखा पाहू. एडिनबरा आणि ग्लासगोत कॅथलिकविरोधी दंगली झाल्या 1779 मध्ये. तेव्हा ना क्लब होते, ना सरकारी कॅथलिक शाळा. 1840 च्या दशकात दुष्काळाने पोळलेले आयरिश लोक, बहुतेक कॅथलिक, तिथे आले. मग कामधंद्यावरून, वस्त्यांवरून तेढ वाढली. रेंजर्स जन्मला 1872 मध्ये, सेल्टिक 1887 मध्ये. कॅथलिक शाळा सरकारी व्यवस्थेत आल्या त्या 1918 च्या कायद्याने.

आपल्याकडे ‘कॉन्व्हेंट’ म्हटलं की फी डोळ्यांसमोर येते. तिथे या शाळा सरकारी खर्चाने चालतात, फी नसते, आणि इतर धर्मांची मुलंही शिकतात. खात्री करायची तर तिथल्या कोणत्याही नगर परिषदेचे प्रवेशाचे नियम वाचा; 1918 चा कायदाही इंटरनेटवर मोफत मिळतो.

मला सर्वांत वजनदार वाटतो तो शेजारचा दाखला. इंग्लंडमध्येही सरकारी खर्चाच्या कॅथलिक शाळा भरपूर आहेत. तरी आज लिव्हरपूल किंवा मँचेस्टरच्या डर्बीत, म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबांच्या सामन्यात, प्रेक्षक धर्मानुसार विभागलेले नसतात. वेगळ्या शाळा असाव्यात का, यावर स्कॉटलंडमध्ये प्रामाणिक मतभेद आहेत, आणि तो वाद जरूर व्हावा. मात्र वैराचं मूळ म्हणून शाळेकडे बोट दाखवलं, की नोकऱ्या नाकारल्या गेलेल्या आयरिश कॅथलिक पिढ्यांची गोष्टच पुसली जाते.