डोळे पुढे, बोटे मागे

पूर्वी कधीही न पाहिलेली रचना स्टाफ नोटेशनवरून, म्हणजे पाच रेषांवर स्वर लिहिण्याच्या पाश्चात्त्य पद्धतीतून, वाचत, न थांबता पियानोवर वाजवणे म्हणजे साइट-रीडिंग. हे कौशल्य वाढवण्यासाठी संगणकाच्या साहाय्याने अनेक प्रकल्प आखले जातात. परंतु त्यांतील पुष्कळ प्रकल्प पडद्यावर एकेक सुटा स्वर दाखवून तो ओळखायला लावतात. माझ्या मते पाया येथेच चुकतो. मराठी मजकूर वाचताना आपण ‘म’, ‘रा’, ‘ठी’ अशी जुळणी करत बसत नाही, अख्खा शब्द टिपतो. आणि कसलेला वादकही स्वरांचे गटच वाचतो.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९७४ मध्ये याचा सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. वादन चालू असतानाच नोटेशन अचानक दिसेनासे केले, तर त्यानंतर किती स्वर अचूक वाजतात, हे त्यांनी मोजले. तरबेज वाचक सुमारे ७ स्वरांपर्यंत पुढे जात, कच्चे वाचक ३-४ स्वरांवरच थांबत. विशेष म्हणजे ही मजल बहुधा संगीतातील वाक्यांश जेथे पुरा होई तेथपर्यंत ताणली जाई. पुढे संशोधक फर्नो आणि लँड यांनी १९९९ मध्ये दाखवले, की बोटांच्या पुढे धावणाऱ्या डोळ्यांची ही आघाडी वेळेत मोजली तर नवख्याची आणि व्यावसायिकाची सारखीच, साधारण एका सेकंदाची असते. फरक असतो तो त्या सेकंदात सामावणाऱ्या स्वरांच्या संख्येत.

गट ओळखता येतात ते पुढे काय येणार याचा अंदाज असल्यामुळे. पियानोवादक बोरिस गोल्डोव्हस्की यांची एक विद्यार्थिनी वाचनात कच्ची होती. जर्मन संगीतकार ब्राम्सच्या एका रचनेतील एक स्वर ती चुकीचा वाजवते, असे समजून त्यांनी तिला थांबवले, तेव्हा छापलाच तसा आहे असे आढळले. निष्णात वाचकांचे मन ती छपाईची चूक नकळत दुरुस्त करून पुढे जात असे!

त्यामुळे संगणकाने वाटेल तसे स्वर जुळवून सराव देणे मला योग्य वाटत नाही. अशा साहित्यात अंदाज बांधायला आधारच नसतो. त्याऐवजी वादकाच्या कुवतीपेक्षा थोड्या सोप्या, पण खऱ्या संगीताचे नियम पाळणाऱ्या नव्या रचना भरपूर हव्यात, कारण एकदा वाजवलेली रचना नवी राहत नाही. वाद्य आणि संगणक यांना जोडणाऱ्या, १९८३ पासून रूढ असलेल्या मिडी पद्धतीमुळे कोणती पट्टी कधी दाबली, हे संगणकाला नेमके कळते. म्हणून नोटेशन डावीकडून झाकत नेणे, मागे वळायला मनाई करणे आणि चुकले तरी लय सुटू न देणे, एवढे प्रकल्पात सहज साधता येते.

याहून महत्त्वाची मला साथसंगत वाटते. संशोधक लेमन आणि एरिक्सन यांच्या १९९६ च्या अभ्यासात साथ करणारे पियानोवादक साइट-रीडिंगमध्ये एकल वादकांपेक्षा सरस ठरले. दुसऱ्याबरोबर वाजवताना चूक दुरुस्त करायला थांबण्याची सोय नसते. गोव्यातील चर्चच्या शाळांत लहानपणीच नोटेशन शिकलेले वादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात समोर आलेला कागद वाचून वाद्यवृंदात वाजवत, तेही याच शिस्तीत. संगणकावरील प्रकल्पानेही वादकाला निदान एखादी ध्वनिमुद्रित गायनाची किंवा व्हायोलिनची सोबत द्यावी, आणि ती त्याच्यासाठी थांबू नये.