उसनी हवा ते घरची हवा: एअरगनच्या कॉम्प्रेसरची पार्श्वभूमी

एअरगनमध्ये हवा भरायला घरी ३०० बारचा कॉम्प्रेसर (बार हे दाबाचं माप, एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेइतका दाब) घ्यावा का असं कोणी विचारलं की गप्पा लगेच किती वॉटचा, किती मिनिटात भरतो, गरम किती होतो यावर जातात, पण हे यंत्र मुळात आलं कुठून हे कोणी विचारत नाही. खरं सांगायचं तर ते आपल्यासाठी बनलेलंच नव्हतं. एअरगनवाल्यांनी इतकी वर्षं हवा उसनीच वापरली, आधी फौजेच्या गाड्यावरची, मग पाण्यात बुड्या मारणाऱ्यांच्या टाकीतली, मग आग विझवणाऱ्यांच्या बाटलीतली. घरच्या प्लगवर हवा भरायला लागून फार तर दहापंधरा वर्षं झालीत.

हवेवर चालणारी बंदूक मात्र जुनी, भरपूर जुनी. स्टॉकहोमच्या लिव्ह्रुस्टकामारेन म्युझियममध्ये साधारण १५८० ची एक ठेवलेली आहे, तिच्या दस्त्यात चक्क भाता आहे, लोहाराकडे असतो तसा, फक्त छोटा. भात्यातून दाब तो किती मिळणार. पुढे १६५० च्या आसपास माग्डेबुर्गच्या ओटो फॉन गेरिकेने हवा उपसायचा पंप केला (दोन अर्धगोल आणि दोन्हीकडून ओढणारे घोडे, तेच ते, शाळेच्या पुस्तकातले), आणि हवा बाहेर काढणारा पंप जमला की व्हॉल्व्ह उलटे लावून तीच हवा आत कोंबता येते हे कळायला वेळ लागत नाही.

पण खरी गंमत जिरार्दोनीची. बार्तोलोमेओ जिरार्दोनीची हवेची रायफल १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या फौजेत आली. ०.४६ इंची शिशाची गोळी, नळीच्या बाजूला वीसेक गोळ्यांचं मॅगझिन, धूर नाही, पावसात दारू भिजायची भानगड नाही, आणि समोरचा एक गोळी ठासून भरेपर्यंत इकडून दहा सुटलेल्या. दस्ता म्हणजेच हवेची टाकी, ती फिरवून काढायची आणि भरलेली दुसरी लावायची. आता ती भरायची कशी, तर हातपंपाने, साधारण १५०० दणके. पंधराशे! एवढं करून दाब मिळायचा ५५ बारच्या आसपास, म्हणजे आज आपण रायफल "रिकामी झाली" म्हणून बाजूला ठेवतो तेव्हाही तिच्यात याहून जास्त हवा असते. शिपायाला जास्तीच्या टाक्या द्यायचे, मोठे पंप गाड्यावर बसवून फौजेबरोबर न्यायचे, चामड्याचे वॉशर सुकले की हवा गळायची म्हणून ते ओले ठेवायचे, टाक्या घडवणारे कारागीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १८१५ पर्यंत रायफल फौजेतून बाद झाली. याच जातीची एक रायफल मेरिवेदर लुईस १८०३ ते १८०६ च्या अमेरिकेतल्या मोहिमेवर घेऊन गेला होता, वाटेत भेटणाऱ्या लोकांना उडवून दाखवायला. माझं मत विचाराल तर यात बंदूक हरलीच नाही, पंप हरला.

मग जवळजवळ दीडशे वर्षं सगळ्यांनी पंपाला वळसा घातला. स्प्रिंगवाली आली, म्हणजे नळी मोडा, स्प्रिंग दाबा, दट्ट्या सुटला की तेवढ्यापुरती हवा तयार. फ्रान्सच्या पॉल जिफार्डने कार्बन डायऑक्साइडवर चालणारी गन काढली. बंदुकीतच पंप असलेल्या, आठदहा वेळा दांडा ओढून भरायच्या गन आल्या. सगळं चांगलंच होतं पण साठवलेल्या हवेची ती मऊ, झटका नसलेली गोळी यातल्या कशातच नाही.

या मधल्या काळात कॉम्प्रेसर भलतीकडेच मोठा होत होता. १८६६ मध्ये रॉबर्ट व्हाइटहेडने फ्यूमे बंदरात (आजचं क्रोएशियातलं रियेका) टॉर्पेडो बनवला, तो दाबलेल्या हवेवर चालायचा, २५ बारच्या आसपास, आणि टॉर्पेडोला लांब जायचं तर दाब वाढवायलाच पाहिजे म्हणून आरमारांना जास्त दाबाचे पंप लागायला लागले. (फ्यूमेही ऑस्ट्रियाच्याच ताब्यातलं, काय योगायोग बघा.) १८९५ मध्ये म्युनिकला कार्ल फॉन लिंडेने हवा दाबून आणि मग फैलावू देऊन तिचं पाणी केलं, म्हणजे द्रवरूप केली, आणि त्याच्या पद्धतीच्या यंत्रांत दाब २०० बारपर्यंत जायचा. म्हणजे रायफल भरताना आपण ज्या आकड्याला "फुल" म्हणतो तो साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी गाठून झालेला होता, फक्त खोलीभर यंत्रांनी.

त्या लोकांना एक गोष्ट नीट कळलेली होती जी आपल्याला मशीन घेतल्यावर कळते, ती म्हणजे उष्णता. हवा दाबली की तापते, सायकलचा पंप हाताला चटका देतो तसंच. गणित करून बघा, खोलीतली हवा एकाच दट्ट्याने झटक्यात ३०० बारला नेली तर कागदावर तापमान १२०० अंशांच्या पुढे जातं, त्यात तेल असेल तर डिझेल इंजिनच झालं की ते. म्हणून टप्पे करतात, थोडं दाबायचं, गार करायचं, मग पुढच्या बारक्या सिलेंडरमध्ये आणखी दाबायचं. तीन टप्प्यात विभागलं तर प्रत्येक टप्प्याला साधारण २३० अंश, दोन टप्प्यात ३९० च्या आसपास. हे दोन आकडे लक्षात ठेवा, खाली लागतील.

नंतर हवा लागली ती श्वासाला. १९४३ मध्ये कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी अॅक्वालंग केलं आणि पाठीवर टाकी बांधून पाण्यात जाणारे वाढले, तसे त्यांच्या टाक्या भरणारे कॉम्प्रेसरही वाढले. म्युनिकची बावर कंपनी १९४६ ची, आज डायव्हिंगच्या कॉम्प्रेसरमध्ये तिचं नाव सगळ्यांना माहीत. १९७० च्या दशकात नासाने रॉकेटवाल्यांचं टाक्या गुंडाळायचं तंत्र अग्निशमन दलाला दिलं, पातळ अॅल्युमिनियमवर धाग्यांचं वेष्टण, त्यातूनच पुढे आजची हलकी कार्बन फायबरची बाटली आली. पेंटबॉलवाले (एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारायचा खेळ) सुरुवातीला कार्बन डायऑक्साइडवर खेळायचे, थंडीत दाब पडतो म्हणून तेही हवेवर आले आणि ४५०० पीएसआय (दाबाचंच इंग्रजी माप) हा आकडा, म्हणजे आपले ३१० बार, सगळ्यांच्या तोंडी बसला.

एवढं सामान बाजारात तयार असताना एअरगनवाले परत हवेकडे वळले यात नवल नाही. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशरची डेस्टेट कंपनी मुळात जनावरांना भुलीची सुई मारायच्या बंदुका करायची, तिथूनच १९८० च्या दशकात आधी हवा भरून ठेवायच्या रायफली, म्हणजे पीसीपी, विकायला लागल्या. १९८४ ला लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये १० मीटर एअर रायफल आली, तेव्हा स्प्रिंगच्या आणि एकदाच दांडा ओढून भरायच्या रायफलींचाच जमाना होता, नव्वदच्या दशकात तिकडेही २०० बारची नळकांडी आली. पण हवा? डायव्हिंगवाल्याकडे. २३२ बारची टाकी भरून आणायची आणि तिच्यातून रायफल भरायची. यातली चिडचिड ज्याने केलीय त्यालाच माहीत, टाकी १९० ला आली की तिच्यात ऐंशी टक्के हवा शिल्लक असते आणि तरी रायफल २०० ला भरत नाही, परत टाकी उचला आणि जा. स्वीडनच्या फ्रेड्रिक अॅक्सेलसनने, नंतर ज्याने एफएक्स ही एअरगनची कंपनी काढली त्यानेच, तीन टप्प्यांचा हातपंप करून यातून सुटका केली. सुटका म्हणजे काय, जिरार्दोनीचेच दणके, फक्त कमी. मी दोन वर्षं मारले, २०० च्या पुढे अंगाचा सगळा भार दांड्यावर टाकून गुडघे वाकवत खाली जायचं, आणि वर येऊन धापा टाकत नेम धरायचा, तो कुठे लागायचा ते विचारू नका.

मोटारवाली घरगुती हवा उशिराच आली. पेंटबॉलमधल्या टॉम के यांचा शूबॉक्स नावाचा कॉम्प्रेसर आला, तो आधी साध्या गॅरेज कॉम्प्रेसरची हवा घ्यायचा आणि ती हळूहळू, अगदी सावकाश, ४५०० पीएसआयपर्यंत न्यायचा. त्यानंतर चीनमधून ते बादलीवाले आले, योंग हेंग वगैरे, आणि मग १२ व्होल्टवर गाडीच्या बॅटरीला लावायचे छोटे डबे. बादली कशाला, तर वरचे आकडे आठवा. हे दोनच टप्प्यांचे, म्हणजे जास्त तापणारे, म्हणून बारका पंप टाकून बादलीतलं पाणी सिलेंडरच्या डोक्यावरून फिरवत ठेवायचं, पाणी कोमट लागलं की बर्फ टाका किंवा बदला. डायव्हिंगचे मोठे मशीन तीन किंवा चार टप्पे, मोठे पंखे, वळणदार नळ्या यासाठी पैसे घेतात ते उगाच नाही. रोज टाकी भरायची नसेल, फक्त रायफल भरायची असेल तर बादलीवाला पुरतो, पण त्याच्याकडून सहा लिटरची बाटली भरून घेताना मध्ये थांबून त्याला दम खाऊ द्यावा लागतो.

हवा घरची झाली तेव्हा डायव्हिंगवाला जी कामं गुपचूप करायचा ती पण आपल्याकडे आली, त्यात सगळ्यात मोठं पाण्याचं. ३० अंशांच्या दमट हवेत घनमीटरला ३० ग्रॅमपर्यंत वाफ असते. ६.८ लिटरची बाटली ३०० बारला भरायला दोन घनमीटर हवा आत ओढली जाते, म्हणजे साठेक ग्रॅमपर्यंत पाणी, चहाचा अर्धा कप धरा. ते कुठेतरी जाणारच. म्हणून चालू असतानाच दर काही मिनिटांनी ब्लीडचा, म्हणजे साचलेलं पाणी बाहेर सोडायचा, स्क्रू सैल करायचा, फस्सकन आवाज येतो आणि तेल मिसळलेलं दुधाळ पांढरं पाणी उडतं, खाली फडकं धरलं नसेल तर पायावर. पुढे फिल्टरमध्ये कापूस, ओलावा शोषायला सिलिका जेल नाहीतर मॉलिक्युलर सीव्हचे दाणे, वास मारायला कोळसा. आणि तेल सिंथेटिक, कॉम्प्रेसरचंच, इंजिनचं नाही. ऑक्सिजनच्या सिलेंडरमधून भरायचा शहाणपणा कोणी सुचवला तर सरळ उठून जा, ऑक्सिजन आणि ग्रीस एकत्र आलं की स्फोट होतो. बाटलीची तारीख बघा, कार्बनच्या बहुतेक बाटल्यांचं आयुष्य १५ वर्षं धरतात आणि मध्ये मध्ये टेस्टिंग लागतं.

मी पहिले काही महिने फिल्टरचा कापूस बदललाच नव्हता, हवा येतेय ना, मग झालं. एक दिवस रायफलच्या वेगात चढउतार दिसायला लागले म्हणून रेग्युलेटर (रायफलमधला, दाब एकसारखा ठेवणारा भाग) उघडला तर आत पांढरी बुरशीसारखी पूड आणि वॉशरांवर पिवळट चिकट थर. तेव्हापासून स्क्रूशेजारी एक जुनं फडकं कायम लटकवलेलं असतं, आणि काढलेला कापूस टाकायच्या आधी मी तो पिळून बघतो.